पहिलं अक्षर कुठे संपतं?

परिच्छेदाचं पहिलं अक्षर दोन-तीन ओळींइतकं मोठं करून डाव्या कोपऱ्यात बसवतात, त्याला छापखान्यात ड्रॉप कॅप म्हणतात. मराठी प्रतिशब्द घडवता येईल, पण डीटीपी करणाऱ्या मुलांना त्याची गरज पडत नाही, तेव्हा आज आम्हीही ड्रॉप कॅपच म्हणणार आहोत. त्यातलं ‘कॅप’ म्हणजे कॅपिटल. आपल्या लिपीत कॅपिटल हा प्रकारच नाही. म्हणजे नावापासूनच ही वस्तू परकी आहे. परकी आहे म्हणून टाकून द्या, असं आम्ही म्हणणार नाही; टेबल आणि पेन्सिलही परकेच होते. पण ती आपल्या पानावर बसवताना आपलं काय मोडतं आहे, याकडे आजवर फारसं कुणी पाहिलेलं नाही, ते आज पाहू.

गेली काही वर्षं आम्ही महाड-पोलादपूर पट्ट्याशी संबंधित छापील कागद जमा करतो आहोत. शाळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, जयंतीचे विशेषांक, पतसंस्थांचे अहवाल, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिका, आणि मुंबईकर ग्रामस्थ मंडळांची वार्षिकं. यातलं बरंचसं मुंबईत छापलेलं असतं, कारण मंडळाचे चिटणीस मुंबईत नोकरीला. कुठल्याही छापखान्याचं वा संस्थेचं नाव आम्ही घेणार नाही. दोष कुणा एकाचा नाही आणि काम करणारा माणूस बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, उद्या सकाळी प्रकाशन आहे म्हणून, पानं लावत बसलेला असतो.

आता ही पानं पाहा. एका पुस्तिकेत गावाच्या इतिहासाचा लेख ‘पोलादपूर’ या शब्दाने सुरू होतो. तीन ओळींचा ‘प’ आहे, भरदार आहे, लाल रंगात आहे. आणि त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात, टिंबांचं एक वर्तुळ, त्याला काना-मात्रा चिकटलेली, मग ‘लादपूर’. दुसऱ्या पानावर ‘क्रांतिभूमी महाड’. इथे ‘क’ मोठा आहे, आणि पुढे पाय मोडल्याची खूण एकटी लोंबते आहे, मग ‘रांतिभूमी’. तिसरं पान जुनं आहे, पेजमेकरच्या काळातलं. लेख शिवथरघळीवर. तिथे तीन ओळींच्या उंचीची फक्त वेलांटी आहे. अक्षर नाहीच! छत्रीच्या मुठीसारखी एकटी वेलांटी उभी, आणि तिच्यानंतर बारीक ‘शवथरघळ’. [सभागृहात हशा]

हसू येतं खरं. पण ही चूक कुणाच्या लक्षात आली नसेल का? मुद्रितशोधनात मजकूर वाचला गेला असणार. आमचा अंदाज असा, की लक्षात आलं, आणि ‘कॉम्प्युटरमध्ये असंच येतं’ म्हणून सोडून दिलं गेलं. आमचा राग आहे तो या वाक्यावर.

कॉम्प्युटरमध्ये असं का येतं, ते समजून घेऊ. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉप कॅपसाठी साधारण दोन आकडे भरायचे असतात: किती ओळी, आणि किती कॅरेक्टर. ओळी तीन, कॅरेक्टर एक, असं बहुतेक जण भरतात. इंग्रजीत हे बरोबर आहे, कारण इंग्रजीत एक कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर. मराठीत ‘अक्षर’ आणि कॅरेक्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पो’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. युनिकोडच्या हिशोबाने दोन संकेतांक, ‘प’ आणि ओकार. ‘श्री’ म्हणजे चार: श, पाय मोडण्याची खूण, र आणि दीर्घ ईकार. ‘क्रां’ म्हणजे पाच. ‘स्त्री’ म्हणजे सहा. आणि ‘महाड’चा ‘म’ मात्र एक, ‘चवदार’चा ‘च’ एक, ‘उमरठ’चा ‘उ’ एक. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांच्या गावाचं नाव सुखरूप राहतं आणि स्वतः तानाजींचं फुटतं, कारण ‘ता’ दोनांचा आहे. नशिबाचा खेळ आहे सगळा.

जुन्या फॉन्टांची गोष्ट वेगळी. युनिकोडच्या आधी जे फॉन्ट आपण वापरत होतो, आणि अनेक ठिकाणी आजही वापरतो, त्यांत अक्षराचे तुकडे ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने साठवलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून ती फाइलमध्येही आधी. ‘एक कॅरेक्टर मोठं कर’ म्हटलं की यंत्र इमानदारीने वेलांटी मोठी करतं. काही फॉन्टांत तर ‘ख’, ‘भ’, ‘ध’ ही अक्षरंसुद्धा अर्धं अक्षर अधिक उभा दंड अशी दोन तुकड्यांची. तिथे मोठं झालेलं अर्धं अक्षर आणि त्याच्या पायाशी बारीक दंड, असा देखावा होतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर २०१२ च्या सीएस६ पासून आला. मधल्या अकरा वर्षांत मराठी पानं लावणाऱ्याने तुकड्यांशीच झटापट केली, आणि त्या सवयी अजून हातात आहेत.

तेव्हा ऑपरेटरला बोल लावणं सोपं, पण पुरतं योग्य नाही. तुम्हाला एक नवलाची गोष्ट सांगतो. मजकुरातलं ‘एक अक्षर’ कुठे संपतं हे ठरवण्याचे नियम युनिकोडमध्ये लिहिलेले आहेत. २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीपर्यंत त्या मूळ नियमांनुसार ‘क्रां’ हे दोन तुकडे होत होते: पाय मोडलेला ‘क्’ एक, आणि ‘रां’ दुसरा. जोडाक्षर हे एकच धरावं, हा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी त्या आवृत्तीत घातला गेला. पहिलीतल्या मुलाला जे कळतं ते आंतरराष्ट्रीय नियमांत यायला २०२३ उजाडलं. मग आमच्या पोलादपूरच्या पुस्तिकेत ‘प’ तुटला तर त्या मुलाला किती बोलायचं?

तरीही बोलायचं. कारण उपाय कठीण नाही. कॅरेक्टरच्या खान्यात एकाऐवजी दोन, चार, पाच, जे लागेल ते लिहायचं आणि डोळ्यांनी बघायचं. काही ठिकाणी यंत्र संकेतांक मोजतं, काही ठिकाणी पूर्ण अक्षर मोजतं. करून बघणं हाच रस्ता. मात्र ही संख्या परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये एकदाच ठरवून टाकता येत नाही, कारण प्रत्येक लेखाचं पहिलं अक्षर वेगळं. एक स्टाइल करून ऐंशी पानांना लावायची सवय इथे घातक ठरते. ‘डॉ.’ने सुरू होणारा लेख तर हमखास घोटाळा करतो, आणि महाडवरच्या लेखांत ‘डॉ.’ने सुरू होणारे लेख किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. तिथे नुसतं ‘डॉ’ मोठं करून टिंब बारीक ठेवायचं, की टिंबासकट मोठं करायचं? आमचं मत: ‘डॉ.’ मोठं करूच नये. पदवीला सजवून नाव बारीक ठेवण्यात काय अर्थ? लेखकाला विनंती करून वाक्य फिरवून घ्यावं, नाहीतर त्या लेखाला ड्रॉप कॅप देऊ नये.

अक्षर पूर्ण घेतलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. खरी गंमत पुढे आहे, ती शिरोरेषेची.

इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. मोठं अक्षर बसवताना त्याचा पाय तिसऱ्या ओळीच्या पायाशी जुळवायचा आणि डोकं पहिल्या ओळीतल्या कॅपिटलच्या डोक्याशी. आपली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात. मोडी लिहिणारे कारकून तर आधी कागदभर आडव्या रेघा मारून घेत आणि मग त्यांना अक्षरं लटकवत. तेव्हा आपल्याकडे जुळवायची गोष्ट एकच: मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी. सॉफ्टवेअरचा हिशोब लॅटिन कॅपिटलच्या उंचीवर बेतलेला असतो. त्यामुळे बहुतेक पानांत मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या थोडी वर किंवा थोडी खाली जाते. अगदी थोडी, पण डोळ्याला ठेच लागते. भिंतीवर तसबीर तिरकी असावी तसं. वेबपानांसाठीच्या सीएसएसच्या मसुद्यात अशा टांगत्या रेषेला धरून मोठं अक्षर बसवायची तरतूद लिहिलेली आहे. छापील पानात अजून हाताने वर-खाली सरकवावं लागतं.

थोडं गणित करू. मजकूर १२ पॉइंटांचा, ओळीपासून ओळीचं अंतर १८ पॉइंट. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची ७ पॉइंट धरा. तीन ओळींचं अक्षर हवं, तर त्याची उंची दोन अंतरं अधिक सात, म्हणजे ४३ पॉइंट. म्हणजे अक्षर सहापटीहून जरा मोठं झालं. आता त्याच्या डोक्यावर मात्रा असेल, ‘पो’सारखी, आणि मजकुरात ती शिरोरेषेच्या वर ३ पॉइंट जात असेल, तर मोठ्या अक्षरात ती १८ पॉइंट वर जाणार. अख्खी एक ओळ! वर मथळा असेल तर मथळ्यात घुसणार. खाली उकार असेल तर तो चौथ्या ओळीवर आदळणार. १९२७ साली महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेल्या सुरेंद्रनाथ टिपणिसांवरचा एक लेख आमच्याकडे आहे; त्यांच्या ‘सु’चा उकार खालच्या ओळीतल्या तीन अक्षरांवर बसला आहे. आणि शिरोरेषेची जाडी? पाऊण पॉइंटाची रेघ साडेचार पॉइंटांची होते. पानावर काळा पट्टा दिसतो.

जाडीवर साधा उपाय आहे. मोठ्या अक्षरासाठी त्याच फॉन्टचं हलकं वजन घ्यायचं. एक टाइप या संस्थेचा मुक्त फॉन्ट ‘मुक्ता’ सात वजनांत मिळतो; मजकूर रेग्युलरमध्ये ठेवा आणि मोठं अक्षर एक्स्ट्रालाइटमध्ये. रेघेची जाडी पुष्कळ आवाक्यात येते. पण आमची माणसं बरोबर उलटं करतात: मोठं अक्षर, वर ते बोल्ड, वर त्याला सावली.

आणखी एक बारकावा. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये ‘मराठी’ अशी निवडली नसेल तर अनेक फॉन्ट हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ देतात. बारीक मजकुरात कुणाच्या लक्षात येत नाही. पण ‘लोहारे’ या गावावरच्या लेखात पहिलाच ‘लो’ सहापट झाला, की शाळेत पाकळ्यांचा ‘ल’ गिरवलेला माणूस थबकतो. सांगता येत नाही, पण त्याला वाटतं, हे आपलं नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. मराठी शब्द एका शिरोरेषेखाली बांधलेला असतो. ‘महाड’ ही तीन अक्षरं एका रेघेखाली आहेत, म्हणून तो एक शब्द आहे. पहिलं अक्षर सहापट करून बाजूला काढलं की ती रेघ तुटते. इंग्रजीत मुळात अक्षरं सुटी, म्हणून तुटल्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे मोठं ‘म’ आणि मग ‘हाड’. [हशा] होय, हेच म्हणतोय. ‘महाड’ हा शब्द ड्रॉप कॅपला अगदी सोयीचा, एका कॅरेक्टरचा, काही तुटत नाही, आणि तरीही वाचणारा आधी ‘हाड’ वाचतो. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष ड्रॉप कॅपसुद्धा मराठीत शब्द फोडतो, हा आमचा मुद्दा आहे.

यावर काही जण म्हणतात, मग ही परकी सजावट सोडून आपली परंपरा घ्या. हे ऐकायला बरं वाटतं. आपल्या परंपरेत सुरुवात कशी सजवत? शिवथरघळ ही दासबोधाची जागा मानली जाते आणि कल्याणस्वामी हे लेखक, म्हणजे लिहून घेणारे. त्या काळच्या पोथ्या पाहिल्या तर दिसतं, की सुरुवातीला दुहेरी दंड, नमन, आणि बऱ्याचदा लाल शाई, हिंगुळाची किंवा गेरूची. ‘उवाच’ लाल, समाप्तीचं वाक्य लाल. अक्षराचा आकार सहसा तोच राहतो. बदलतो तो रंग. शब्द शब्दालाही लागूनच असतात, ओळ एकसंध चालते. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचं शिवभारत लिहिणाऱ्या लेखकूला पहिलं अक्षर ओळीतून उपटून काढावं, असं सुचण्याचं कारणच नव्हतं. टाक चालता चालता शाई बदलली की झालं.

तेव्हा आपल्याकडे सुरुवातीची सजावट नव्हती, हे खोटं. आणि ती ड्रॉप कॅपसारखी होती, हेही खोटं. पण पोथीचं पान तसंच्या तसं आणून स्मरणिकेत बसवणंही आम्हाला पटत नाही. दुहेरी दंड आणि नमन पाहिलं की वाचकाला देवघर आठवतं. पतसंस्थेच्या अहवालाला किंवा सत्याग्रहावरच्या लेखाला ते शोभणार नाही, सत्याग्रहाच्या लेखाला तर मुळीच नाही. रंगाची युक्ती मात्र घेण्यासारखी आहे. पहिले तीन-चार शब्द, पूर्ण शब्द, त्याच आकारात वेगळ्या रंगात किंवा ठळक. शिरोरेषा अखंड, शब्द अखंड, आणि सुरुवात कुठे आहे ते लांबून दिसतं.

खिळ्यांच्या काळातला एक धडाही सांगण्याजोगा आहे. बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने काढला. देवनागरीचे खिळे किती तुकड्यांत विभागावे लागत, हे त्यातून कळतं. काने-मात्रा सुट्या, अर्धी अक्षरं सुटी. पण सजावटीचं मोठं अक्षर हवं असलं की चित्रकाराकडून काढून घेऊन त्याचा ब्लॉक करत. चित्रकार ‘क्रां’ काढताना ‘क’ काढून थांबत नसे. तुकडे जुळवणारा माणूस आणि अक्षर काढणारा माणूस वेगळे होते, म्हणून अक्षर वाचलं. डीटीपीने दोघांची कामं एका खुर्चीवर आणली, पण चित्रकाराची नजर त्या खुर्चीसोबत दिली नाही.

इथवर सगळं रुपाबद्दल झालं. पण आम्ही हा विषय घेतला त्याला आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ ला महाडात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा या शहरातले कागद किती भिजले, हे इथे बसलेल्यांना माहीत आहे. त्यानंतर आम्ही पीडीएफ गोळा करायला लागलो, कारण अनेक पुस्तिकांची छापील प्रत उरलेली नाही, फक्त कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर फाइल आहे. त्या फाइलींत शोध घ्यायला गेलो. ‘पोलादपूर’ टाकलं. लेख पोलादपूरवरचा, मथळा चित्र म्हणून टाकलेला, आणि लेखाचा पहिला शब्द सापडेना. कारण ऑपरेटरने डोकं लढवून, ड्रॉप कॅप नीट येत नाही म्हणून, ‘पो’ वेगळ्या चौकटीत ठेवला होता. दिसायला पान सुंदर! पण फाइलच्या लेखी त्या लेखात ‘लादपूर’ आहे, आणि ‘पो’ पानाच्या शेवटी, पृष्ठक्रमांकाच्या मागे, एकटाच. दृष्टिहीन वाचक हेच पान स्क्रीन रीडरवर ऐकेल तेव्हा त्याला ‘लादपूर’ ऐकू येईल. व्यक्तिचित्रांच्या पुस्तिकेत तर प्रत्येक लेख माणसाच्या नावाने सुरू होतो. प्रत्येक माणसाचं पहिलं अक्षर गेलेलं. नातवाने आजोबांचं नाव शोधलं तर मिळणार नाही.

म्हणून आमची सूचना: वेगळ्या चौकटीतला ड्रॉप कॅप बंद. सॉफ्टवेअरच्या सोयीने होत असेल तर करा, होत नसेल तर करू नका. पान थोडं साधं दिसेल, एवढंच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं पूर्ण होतात. विशेषांक निघतील, स्मरणिका निघतील, गावोगावची मंडळं आपापल्या लोकांची नावं छापतील. या कामाला जे बसणार आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेखाच्या फक्त पहिल्या परिच्छेदाला सजवा. एका पानावर चार-चार मोठी अक्षरं म्हणजे वाचकाला चारदा ‘इथून सुरू करा’ म्हणण्यासारखं आहे. दोन ओळींचं अक्षर तीन ओळींपेक्षा बरं, कारण मात्रा आणि उकार आटोक्यात राहतात. कवितेला आणि अभंगाला नको. अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या लेखाला नको. पहिलं अक्षर जोडाक्षर आहे आणि वर अनुस्वार आहे, तर सरळ पहिला शब्द ठळक करा. आणि पीडीएफ झाली की पहिली ओळ निवडून, कॉपी करून, दुसरीकडे पेस्ट करून बघा. दहा सेकंदांचं काम आहे. पहिला शब्द पूर्ण आला तरच फाइल छपाईला सोडा.

मागच्या टेबलावर सहा पानं मांडली आहेत, सगळी ‘क्रांतिभूमी’ने सुरू होणारी, सहा वेगळ्या पद्धतींनी लावलेली. मोजायला पट्टी ठेवली आहे. चौथ्या पानाबद्दल आमच्यातच वाद आहे: तिथे मोठ्या ‘क्रां’ची शिरोरेषा पुढच्या ‘ति’च्या शिरोरेषेला जोडून घेतली आहे, चित्रकाराने हाताने काढावी तशी. अर्ध्या लोकांना ते आवडतं. बाकीचे म्हणतात, जाड रेघ एकदम बारीक होते ते खटकतं. पाहून सांगा.